आम्ही करुणाला नॉर्वे दाखवलं

७ जून २०२४, शुक्रवार. शिरूर

तेजश्री पुण्याहून म्हणते, "मम्मी, तिकडून आल्यावर तुला निम्मं आठवणार नाही. रोज लिहीत जा." लेकीचं ऐकायचं ठरवलं. मला लिहायला पहिल्यापासून आवडतं, पण या घरात बाईमाणूस लिहीत बसलेलं कुणाला खपत नव्हतं.

जायचं नक्की झालं. साहेब म्हणजे आमचे मालक, पृथ्वीराज. अख्खा तालुका त्यांना साहेब म्हणतो, म्हणून मीही म्हणते. त्यांच्या डोक्यात झेडपीची निवडणूक आहे, जाहीर होईल तेव्हा होवो. विरोधातल्या बबनरावांनी आईला काशीला नेलं आणि चौकाचौकात त्याचे फ्लेक्स लावले. तेव्हापासून साहेबांनी मनावर घेतलंय. "काशीला कुणीबी जातंय. आपुन आईला बोटीतनं नॉर्वेला न्यायचं. समद्या तालुक्यात असा एक फोटू नसंल."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई दगडाबाई, ऐंशीला टेकल्यात. लकवा मारून उजवी बाजू गेली, तसं बोलणंही गेलं. आवाज निघतो पण शब्द होत नाही. त्या काय म्हणतात ते एकट्या करुणाला कळतं. त्यामुळे करुणाला न्यावंच लागणार.

करुणा माझी धाकटी जाऊ. रविराज भाऊजी अपघातात गेले, मूलबाळ नाही. तिचा भाऊ वडगाव रासाईहून न्यायला आला होता, पण आम्हीच ठेवून घेतलं. आत्याबाईंचं उठवणं-बसवणं, अंघोळ, भरवणं सगळं तीच बघते. घरात राहायचं म्हणजे तेवढं करावं लागतं. आता आयती परदेशाला निघाली. दुसरी कोण जाऊ नेते? तिला सांगितलं तर म्हणते कशी, "जाऊबाई, माझ्याकडं स्वेटर न्हाई." आनंद दाखवायचा असतो हेसुद्धा या बाईला शिकवावं लागतं. माझा जुना काढून दिला. कोपरावर विरलाय, पण वर शाल घेतली की झाकतो.

१० जून, सोमवार. बोटीवर

विमानाचं काही लिहीत नाही. पाय सुजले.

कोपनहेगनला बोटीत बसलो. मला वाटलं होतं मोठी लाँच असेल. ही तर गाव आहे, वरून गावावर गाव रचल्यासारखी. लिफ्टनं वर जायचं, लिफ्टनं खाली यायचं. जिकडं तिकडं गालिचा. साहेब प्रत्येक गोऱ्याला रामराम घालतात आणि ते हसून मान डोलावतात.

आमच्या केबिनला बाल्कनी आहे. आत्याबाई आणि करुणाची केबिन आतल्या बाजूची, खिडकी नसलेली. मी म्हटलं, आत्याबाईंना उजेडाचा त्रास होतो. करुणा लगेच म्हणाली, "न्हाई, त्यांना उजेड आवडतो की." मी नुसतं बघितलं तिच्याकडे. मग बॅग उचलून आत गेली.

टूरच्या ग्रुपमध्ये चाळीसेक माणसं, सगळी मराठी, बरीचशी पुण्याची. दौंडची दोघं निघाली. गोकुळराव, रेल्वेत इंजिन चालवतात, बायको वारली आहे. आणि त्यांची थोरली बहीण सारिकाताई, शाळेत मुख्याध्यापिका होत्या. साहेबांनी त्यांची चौकशी केली, पण ती आपल्या गटातली मतं नाहीत म्हटल्यावर फारसे बोलले नाहीत.

जेवणात पोळी होती. फार पातळ.

१२ जून, बुधवार. गायरांगर

आज खरा फ्योर्ड पाहिला. समुद्राचा हात डोंगरांच्या पोटात कोपरापर्यंत घुसलाय, दोन्ही बाजूंना उभे कडे, वर बर्फ, आणि कड्यावरून पाण्याच्या सात धारा शेजारी शेजारी पडतात. एवढी मोठी बोट आणि जराही आवाज नाही. सगळे डेकवर येऊन उभे होते. मला रडू आलं. का ते कळलं नाही.

साहेबांची घाई चालली होती. धारा मागं जायच्या आत फोटो पाहिजे. आत्याबाईंना हिरवी नऊवारी नेसवून, नथ घालून व्हीलचेअरवर डेकवर आणलं. साहेब म्हणाले, "हात वर पायजे. आशीर्वाद देतानी." पण आत्याबाईंचा उजवा हात मेलेला. डावा वर केला तर साहेब ओरडले, "डाव्या हातानं कुणी आशीर्वाद देतं व्हय?"

मग मीच सुचवलं. करुणाला खुर्चीमागं बसवलं, अंग चोरून, आणि तिनं मागून आत्याबाईंचा उजवा हात मनगटाला धरून वर केला. फोटो काढणारा पुण्याचा मुलगा म्हणत राहिला, अजून थोडा वर, अजून एक, आता साहेब पाया पडताना. करुणाचं तोंड खुर्चीच्या पाठीकडे. बराच वेळ लागला. ती उठली तेव्हा सातही धारा वळणाआड गेल्या होत्या. तिचे गुडघे धरले होते, नीट उभं राहता येईना. त्या गोकुळरावांनी पुढं होऊन हात दिला आणि म्हणाले, "तुम्ही काही बघितलंच नाही की." ती म्हणाली, "आवाज ऐकला."

फोटो फार सुरेख आलाय. करुणाची चार बोटं मनगटापाशी दिसतात, पण साहेब म्हणाले, ती फ्लेक्सवाला पुसंल.

१३ जून, गुरुवार. फ्लोम

आज डोंगरातली रेल्वे. करुणा आत्याबाईंजवळ बोटीवर थांबणार असं ठरलं होतं. ऐन निघायच्या वेळी सारिकाताई म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात, मी बसते आजींजवळ. करुणाला जाऊ दे." मी म्हटलं, आत्याबाईंना तिच्याशिवाय चालत नाही. तर सारिकाताईंनी आत्याबाईंनाच विचारलं. त्या काहीतरी बोलल्या. करुणा म्हणाली, "जा म्हणत्यात." खरं काय म्हणाल्या देव जाणे.

गाडीत करुणा खिडकीशी, गोकुळराव तिच्या समोर, आम्ही पलीकडच्या बाकावर. गाडी अशी काही चढते की आपल्या खंडाळ्याचा घाट काहीच नाही. गोकुळराव सांगत होते, "चढवणं सोपं असतं. उतरवताना खरी परीक्षा. ब्रेक धरून ठेवायचा नाही, धरला-सोडला, धरला-सोडला करायचं. एकदा का चाकं घसरायला लागली की मग देवाचं नाव."

करुणा म्हणाली, "मग तुमी कवा घेतलं का देवाचं नाव?"

"एकदाच. रुळावर म्हैस होती."

"आन् म्हशीनं?"

"तिनं काही घेतलं नाही. तशीच उभी. गाडी थांबली, मी खाली उतरलो तर माझ्याकडं बघून हंबरली. उशीर केला म्हणून रागावल्यासारखी."

आणि करुणा हसली. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं. डब्यातल्या गोऱ्या बायकासुद्धा बघून हसल्या. भाऊजी गेल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. पुढं एका धबधब्यापाशी गाडी थांबली, सगळे उतरले, तुषार अंगावर येत होते. हे दोघं कठड्यापाशी उभे. तिचा पदर डोक्यावरून खाली आला होता आणि तिच्या लक्षात नव्हतं. सगळ्यांदेखत. मला शरम वाटली. मी हाक मारून घेतलं तिला, पिशवी धरायला सांगितली.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "हसू दी की. तुझं काय जातंय?" पुरुषांना काही कळत नाही. बाई बाहेर हसायला लागली की घरात टिकत नाही.

१४ जून, शुक्रवार. समुद्रात

आज कुठं उतरायचं नव्हतं. दुपारी मी आत्याबाईंना घेऊन काचेच्या हॉलमध्ये बसले होते. करुणा त्यांचे कपडे धुवायला खाली गेली होती. सारिकाताई येऊन शेजारी बसल्या. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"सविताताई, तुम्ही मोठ्या आहात म्हणून तुमच्याशीच बोलते. आमचा गोकुळ एकटा आहे. मुलगी जर्मनीत असते, ती स्वतः म्हणते की पप्पांनी लग्न करावं. मला करुणा फार आवडली. त्यालाही. तुमची हरकत नसेल तर..."

समोर आत्याबाई खुर्चीत. पहिला विचार मनात आला तो हा, की उद्यापासून यांचं कोण करणार? आणि लोक काय म्हणतील? साहेबांच्या निवडणुकीच्या तोंडावर घरातली विधवा सून बोटीवर जमवून आली? मला घर बघावं लागतं. दुसरं कुणी बघत नाही.

मी म्हटलं, "ताई, चांगलंच आहे. पण तुमच्यापासून लपवणं मला जमणार नाही. तिला रोज सकाळी गोळी लागते. उठल्या उठल्या, उपाशीपोटी. वर्षानुवर्षं चालू आहे. चुकली की फार अवघड होतं."

त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे डोक्याची?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि बाहेर समुद्राकडं बघितलं. मग एवढंच म्हटलं, "आमचे दीर त्या दिवशी गाडी घेऊन घरातून बाहेर का पडले, ते आम्ही कधी कुणाला सांगितलं नाही. ती बिचारी आहे. कुणाजवळ बोलू नका."

मी एकही शब्द खोटा बोललेले नाही. गोळी ती रोज घेतेच. थायरॉइडची आहे हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. भाऊजी त्या दिवशी माझ्याच भावाच्या लग्नाच्या पत्रिका आणायला पुण्याला निघाले होते आणि कोरेगाव भीमाजवळ ट्रकनं उडवलं. पण ते इथं सांगायचं काय कारण?

सारिकाताई डोळे पुसत उठून गेल्या. आणि मग जे झालं ते मला लिहून ठेवायचंच आहे. आत्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी डावा हात पुढं केला, माझा हात धरला आणि घट्ट दाबला. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं मला कधी जवळ घेतलं नाही. माझ्या हातची भाजी कधी चांगली म्हटली नाही. आज पहिल्यांदा. मला तिथंच रडू फुटलं.

१५ जून, शनिवार. स्टॅव्हँगर

लोकांच्या तोंडाला कुणी हात लावावा? सारिकाताईंनी एकीलाच सांगितलं असणार, पण सकाळच्या नाश्त्यापर्यंत सगळ्या ग्रुपला ठाऊक झालं होतं. पुण्याच्या एका आजोबांची नात रोज करुणाच्या मांडीवर बसायची, तिला आज तिच्या आईनं उचलून नेलं. बायका करुणाशी बोलतात तर सावकाश, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं. एकीनं तिच्या पुढ्यातली सुरी उचलून बाजूला ठेवली. जेवताना मला दिसलं ते.

दुपारी ती डेकच्या कठड्यापाशी नुसती उभी होती. टूर मॅनेजर पळत आला, तिचा दंड धरला, "काकू, आत चला, आत बसू." ती म्हणाली, "अवो, मी बंदर बघतीय." त्यानं हात सोडला नाही. लिफ्टपर्यंत तसाच धरून आणली. सगळे बघत होते. गोकुळराव लांब उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

नंतर ती माझ्या केबिनमध्ये आली. "जाऊबाई, माझं काय चुकलं? समदी अशी का करत्यात?"

मी म्हटलं, "शहरातले लोक असेच. आपल्या गावाकडच्या माणसाला कमी लेखतात. तू मनाला लावून घेऊ नको."

तिनं माझ्या मांडीत डोकं ठेवलं आणि रडली. म्हणाली, "तुमी हायसा म्हणून. न्हाईतर मी कुणाकडं बघायचं?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मलाही भरून आलं. काही झालं तरी आपल्या माणसाला आपलंच माणूस लागतं.

बाल्कनीतून मऊ ऊन येत होतं. ती बराच वेळ त्या उन्हात बसून राहिली. नंतर आत्याबाईंची वेळ झाली म्हणून मीच उठवलं.

१६ जून, रविवार. समुद्रात

वाटलं होतं, मिटलं. आज गोकुळराव स्वतः आले. हात जोडले आणि उभ्यानंच बोलले.

"वहिनी, ताईनं मला सगळं सांगितलं. दोन दिवस मी विचार केला. माझी बायको अशाच गोळ्यांवर होती. मी स्वतःच्या हातानं द्यायचो. ड्यूटीवर गेलो तरी फोन करून आठवण करायचो. मला त्याची भीती नाही. माणूस गोळ्यांपेक्षा मोठं असतं. तुम्ही परवानगी दिलीत तर मी करुणाबाईंशी स्वतः बोलतो."

असा माणूस असतो हे कुणाला माहीत? क्षणभर वाटलं, जाऊ दे, बोलू दे. मग शिरूरचं घर डोळ्यांपुढं आलं. सकाळचं आत्याबाईंचं सगळं. तो वास. मी म्हटलं, "एकदम तुम्ही बोललात तर ती बिथरेल. आधी मी तिच्या कानावर घालते."

खाली त्यांच्या केबिनमध्ये गेले. करुणा आत्याबाईंना भरवत होती. मी म्हटलं, "तुला सांगणार नव्हते, पण आता कळलंच पाहिजे. ते गोकुळराव ग्रुपमध्ये सांगत फिरतायत, की शिरूरची विधवा माझ्या मागं लागलीय. गाडीत हसून खेळून गळ्यात पडत होती म्हणे. म्हणून सगळे तुझ्याशी असे वागतात."

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. चेहरा कसा झाला ते लिहिता येत नाही. आत्याबाईंच्या हनुवटीवरून खीर ओघळत होती, ती पुसायचंसुद्धा तिला सुचलं नाही. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. पुन्हा तोंड उघडलं त्यांनी, चमच्यासाठी.

वर येऊन गोकुळरावांना सांगितलं, "तिनं हात जोडलेत. म्हणते, यापुढं माझ्याशी एक शब्द बोलू नका."

संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये ते ताट घेऊन आमच्या टेबलापाशी आले, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. करुणा उठली, खुर्ची वळवली आणि आत्याबाईंना ढकलत निघून गेली. ताट तसंच टाकून. सारिकाताई म्हणाल्या, "बघितलंस ना गोकुळ, झटका येतो तो असा." गोकुळरावांनी मान हलवली.

एकदाचं सुटलं. बोटीवरचं आइस्क्रीम मात्र खरंच चांगलं आहे.

२० जून, गुरुवार. शिरूर

स्टँडपासून घरापर्यंत फ्लेक्स. हिरवी नऊवारी, मागं सात धारा, आत्याबाईंचा हात साहेबांच्या डोक्यावर. "मातोश्रींना सातासमुद्रापार नेणारा आधुनिक श्रावणबाळ." बोटं पुसली आहेत, अगदी कळत नाही. लोक घरी येऊन आत्याबाईंच्या पाया पडले. बबनरावांचा कार्यकर्तासुद्धा येऊन गेला.

करुणा आल्यापासून मुकाट काम करते. पूर्वी आत्याबाईंशी दिवसभर बडबड असायची, ती बंद. घर कसं शांत वाटतं.

१४ जुलै, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. आज आहे.

सकाळी दारात गाडी थांबली. गोकुळराव आणि सारिकाताई. पेढ्यांचा बॉक्स घेऊन. साहेबांना वाटलं फ्लेक्सचं ऐकून अभिनंदनाला आलेत, त्यांनी सोफ्यावर बसवलं. आत्याबाई नेहमीसारख्या दिवाणखान्यात खुर्चीत. करुणा पाणी घेऊन आली आणि दारातच थबकली.

गोकुळराव उभे राहिले. "करुणाबाई, एकच मिनिट घेतो. तुम्ही बोलू नका म्हणालात, म्हणून बोललो नाही. पण माझ्याकडून काय चुकलं ते कळल्याशिवाय चैन पडेना. माफी मागायला आलोय."

"मी कवा म्हणले बोलू नका?"

"वहिनींनी निरोप दिला तुमचा."

तिनं पाण्याचा ट्रे टेबलावर ठेवला. "आन् तुमी जे ग्रुपमधी सांगत व्हता, मी तुमच्या मागं लागले म्हणून?"

"मी?" त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मी तर वहिनींकडं तुम्हाला मागणी घातली होती. तुमच्या गोळ्यांचं समजल्यावरसुद्धा."

"कसल्या गोळ्या?"

मी म्हटलं, चहा ठेवते. करुणा म्हणाली, "बसा, जाऊबाई." तिनं मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी बसले. ती आत गेली, गोळ्यांची बाटली आणून सारिकाताईंच्या हातात दिली. "वाचा. मोठ्यानं."

सारिकाताईंनी चष्मा लावला. वाचलं. "थायरॉइड," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मी साहेबांकडं बघितलं. ते फोनमध्ये.

करुणा आत्याबाईंसमोर गुडघे टेकून बसली. "आई, हे बोलणं झालं तवा तुमी तिथं व्हता?"

आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. ती तशीच वाट बघत बसली. त्यांनी काही डोळे उघडले नाहीत.

मला वाटलं, आता ही ओरडणार, नाहीतर गोकुळरावांबरोबर निघून जाणार. ते तर म्हणालेच, "झालं ते झालं. अजून काही बिघडलेलं नाही. मी आहे तसाच आहे. तुम्ही हो म्हणा."

करुणा उठून उभी राहिली. आवाज अगदी साधा होता. "तुमाला येडी बाय चालणार व्हती. लई मोठं मन हाय तुमचं. पण ती येडी हाय का, हे तिला इचारावं असं न्हाई वाटलं? समोरच्या टेबलावर बसत व्हते मी. त्या टूरवाल्या पोरानं माझा दंड धरून मला वडत नेलं तवा तुमी मान खाली घातली. मी बघितलं."

"मी..."

"मला दया नगं. जावा तुमी."

सारिकाताई रडायला लागल्या. गोकुळराव बहिणीला धरून बाहेर गेले. एवढा उंच माणूस, पायरी चुकला. पेढे राहिले इथंच.

मी साहेबांना म्हटलं, "बघा, तिलाच नको होतं. सगळं कळूनही नाहीच म्हणाली ना? मग माझं काय चुकलं?" साहेब म्हणाले, "ही बातमी गावात जाता कामा न्हाई."

१९ जुलै, शुक्रवार

करुणा रांजणगावच्या एका कंपनीत लागली. पॅकिंगच्या कामाला. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर येते. साहेब भडकले, "घर सोडून जा मग." तिनं शांतपणे सांगितलं, "घर निम्मं रविराजचं हाय. मी माझ्या खोलीत ऱ्हाणार. माझं माझं शिजवून खाणार. आई तुमच्या हायेत, तुमी बघा." साहेब निवडणुकीच्या दिवसांत तमाशा नको म्हणून गप्प बसले.

आत्याबाईंसाठी बाई शोधतोय. दोघी येऊन गेल्या. एक एका दिवसात गेली.

सकाळी आत्याबाई एकच काहीतरी परत परत म्हणत होत्या. पाणी दिलं, तोंड फिरवलं. पांघरूण काढलं, घातलं. संडासाला नेऊन बसवलं, नाही. शेवटी माझ्या हाताला चावल्या. करुणा डबा भरून निघाली होती. मी दारात आडवी गेले, "अगं, निदान काय म्हणतात तेवढं तरी सांग."

ती चप्पल घालत म्हणाली, "त्यांनाच इचारा." आणि गेली.

एवढं मन दगडाचं कसं होतं एखादीचं? काय कमी केलं होतं आम्ही? नॉर्वे दाखवलं.

५ ऑगस्ट, सोमवार

पाठ धरली आहे. आत्याबाई अंगानं जड आहेत, उचलताना माझ्या मणक्यात कळ गेली. तेजश्रीला फोन केला, यायला सुट्टी नाही म्हणाली. साहेब मुंबईला, तिकिटासाठी.

आत्याबाई आता काही म्हणत नाहीत. दिवसभर दाराकडं बघत बसतात. करुणा आत-बाहेर करते तेव्हा त्यांची नजर तिच्यामागं फिरते. ती थांबत नाही. काल डावा हात पुढं केला होता त्यांनी. ती बाजूनं गेली.

संध्याकाळी कंपनीची बस आली. करुणाबरोबर दोघी उतरल्या, एक बिहारची दिसत होती, एक आपल्याकडचीच, निळे कोट घातलेल्या. फाटकात उभ्या राहून कशावरून तरी हसत होत्या. बिहारची हिंदीत काहीतरी म्हणाली आणि करुणा पोट धरून हसली. मी आत्याबाईंचं अंग पुसत होते, ओलं फडकं हातात तसंच घेऊन दारात आले. मला बघून त्या दोघी गप्प झाल्या, निरोप घेऊन निघाल्या.

मी विचारलं, "काय गं, काय झालं एवढं हसायला?"

"काय न्हाई. कंपनीतलं."

"माझ्यावर हसत होतात?"

तिनं माझ्याकडं बघितलं. खरंच आश्चर्य वाटल्यासारखं. "तुमच्यावर कशाला?" म्हणाली. आणि आपल्या खोलीत गेली.

मी तिच्यामागं गेले. म्हणणार होते, पाठ दुखते, आजच्या दिवस त्यांना कुशीवर वळव. दाराला हात लावला, तर आतून कडी. इतकी वर्षं त्या खोलीत मी केव्हाही, न विचारता आत जात आले. त्या दाराला आतून कडी आहे हेच मला ठाऊक नव्हतं.